जड गोळी, संथ ट्विस्ट: एका .२४३ रायफलसाठी काडतूस निवडताना

.२४३ विंचेस्टरची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल. बॅरल २० इंची, ट्विस्ट, म्हणजे नळीतल्या पेचांचा पीळ, १० इंचांना एक फेरा. मालक माझे जुने परिचित. रीतसर परवाना घेऊन, हंगाम पाळून ते मध्यम आकाराच्या हरणांची शिकार करतात. अंतर बहुतेक वेळा शंभर-दीडशे मीटर, फार तर दोनशे. इतकी वर्षे त्यांनी शिशाच्या गाभ्याची १०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) सॉफ्ट-पॉइंट, म्हणजे मऊ टोकाची, काडतुसे वापरली आणि कधी तक्रार करावी लागली नाही. मग त्यांच्या शिकारीच्या भागात शिशाच्या गोळ्यांवर बंदी आली. त्यांनी पूर्ण तांब्याच्या गोळीची जी सर्वांत जड काडतुसे मिळाली, म्हणजे ९५ ग्रेनची, ती घेतली. इतकी वर्षे १०० ग्रेनवर हात बसला आहे, तर त्याच्या जवळात जवळचे वजन घ्यावे, असा सरळ विचार.

भर उन्हाळ्यात त्यांनी १०० मीटरवर तीन गोळ्या झाडल्या. ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, तीन सेंटिमीटरच्या आतला. समाधान झाले, त्याच काडतुसांचे आणखी डबे घरात आले. हंगामाच्या तोंडावर, पारा शून्याच्या बराच खाली असताना, ते झीरो, म्हणजे दुर्बिणीचा नेम आणि गोळी जुळतात का, ते तपासायला गेले तेव्हा गोळ्या वीतभर विखुरल्या. पुन्हा झाडल्या, तरी तेच. मला त्यांनी विचारले ते असे: "दुर्बीण गेली म्हणायची की बॅरल?"

दोन्ही ठीक होते. काडतूसही सदोष नव्हते. त्या काडतुसाचे आणि त्या बॅरलचे जमत नव्हते, आणि उन्हाळ्यातल्या त्या तीन गोळ्यांनी ते झाकून ठेवले होते. नशीब एवढेच की हे कागदावर उघडे पडले. पोटात गोळी घेऊन झाडीत निसटलेले हरीण किती तास तडफडते हे ज्याने पाहिले आहे, तो काडतुसाच्या निवडीला किरकोळ बाब म्हणणार नाही. म्हणून हे प्रकरण तपशिलाने लिहितो आहे.

आधी रायफल

कुठल्याही काडतुसाला दोष देण्याआधी रायफल तपासायची, हा क्रम मोडू नये. दस्त्याला अ‍ॅक्शन धरून ठेवणारे स्क्रू, दुर्बिणीचे बेस आणि रिंगा यांचे स्क्रू टॉर्क रेंचने पाहिले, सगळे पक्के. बॅरल दस्त्याला कुठे टेकत नाही ना, हे कागदाची पट्टी सरकवून बघितले. बॅरलच्या तोंडाची कड, म्हणजे क्राउन, भिंगाखाली नीट दिसली. नळीत तांब्याचा थर जमला होता, तो रसायनाने काढला. दुर्बिणीबद्दल शंका राहू नये म्हणून दुसरी, खात्रीची दुर्बीण चढवली.

गोळ्या तशाच विखुरल्या. मग घरात उरलेली शिशाची थोडी जुनी काडतुसे, त्यांचा वापर जिथे चालतो अशा रेंजवर, त्याच थंडीत झाडली. ती पूर्वीसारखीच एका जागी बसली. रायफलवरचा संशय इथे मिटला.

भोके काय सांगतात

लोक टार्गेटवर ग्रुपची रुंदी मोजतात आणि कागद गुंडाळून ठेवतात. भोकांचा आकार फार थोडे जण बघतात. नीट फिरत, टोक पुढे ठेवून आलेली गोळी कागदात गोल भोक पाडते आणि भोकाभोवती करड्या रंगाची एकसारखी कडा उमटते. इथे बरीच भोके लांबट होती. गोळी पूर्ण आडवी येऊन लागल्यावर कुलपाच्या भोकासारखा जो आकार उमटतो, तितके नाही. पण अंडाकृती नक्की, आणि कडा एका बाजूला जाड. म्हणजे गोळी १०० मीटरवर पोहोचताना तिरकी झालेली होती.

गोळी तिरकी होण्याला बहुतेक वेळा एकच कारण असते: तिला पुरेसा फेर मिळालेला नसतो. हवेचा दाब गोळीच्या टोकाला सतत मागे उलटवू बघतो. त्याला विरोध करते ते गोळीचे स्वतःभोवती फिरणे. भोवरा जोवर वेगाने फिरतो तोवर उभा राहतो, तसेच. हा फेर बॅरलमधल्या पेचांकडून येतो आणि पेच किती घट्ट आहेत ते ट्विस्ट सांगतो. १० इंचांना एक फेरा म्हणजे बॅरलमध्ये १० इंच पुढे जाताना गोळी एकदा पूर्ण फिरते. ८ इंचांचा ट्विस्ट याहून घट्ट, १२ चा सैल, म्हणजेच संथ.

कारखान्याच्या माहितीपत्रकावर ट्विस्ट दिलेला असतो, तरी मी तो मोजून घेतो. पद्धत सोपी आहे. सफाईच्या सळईला घट्ट बसणारे कापड लावून ती रिकाम्या बॅरलमध्ये सारायची. सळईची मूठ बॉल-बेअरिंगवर मोकळी फिरणारी हवी. सळईवर एक खूण करून ती पूर्ण एक फेरा फिरेपर्यंत किती आत गेली ते मोजायचे. या बॅरलचा ट्विस्ट १० इंचच निघाला.

वजन सारखे, लांबी वेगळी

गोळी स्थिर राहील की नाही हे तिच्या वजनापेक्षा तिची लांबी जास्त ठरवते. शिशाची घनता दर घनसेंटिमीटरला ११.३ ग्रॅम, तांब्याची ९ च्या थोडी खाली. व्यास .२४३ इंचच राहणार, तो बदलता येत नाही. मग तेवढेच वजन तांब्यात बसवायचे तर गोळी लांबच करावी लागते. त्यात आधुनिक गोळ्यांचे टोक निमुळते आणि बूड बोटीच्या मागच्या भागासारखे आत ओढलेले असते. त्याने लांबीत आणखी भर पडते.

ट्विस्ट आणि गोळीचा मेळ बसवायला डॉन मिलर यांचे सूत्र आज सर्रास वापरतात. त्यातून एक आकडा मिळतो, त्याला इथे स्थैर्यांक म्हणतो. १ च्या खाली गोळी उलटू लागते. १ ते १.४ च्या दरम्यान ती उडते, पण काठावर असते. १.४ ते १.५ च्या वर निर्धास्त. सूत्राचा स्वभाव समजला तरी पुष्कळ झाले: वजन वाढले तर स्थैर्यांक त्याच प्रमाणात वाढतो, पण लांबी वाढली तर तो जवळजवळ लांबीच्या घनाच्या प्रमाणात पडतो. लांबी दहा टक्के वाढली की स्थैर्यांक सुमारे पाव हिश्शाने उतरतो. ट्विस्टचा परिणाम वर्गाच्या प्रमाणात होतो.

मालकांनी एक काडतूस पुलरने उघडून गोळी व्हर्नियरखाली धरली. ९५ ग्रेनची तांब्याची गोळी १.१५ इंच भरली. जुनी १०० ग्रेनची शिशाची गोळी होती १ इंच. आकडे घातले. शिशाच्या गोळीचा स्थैर्यांक १.७ च्या आसपास, म्हणून ती इतकी वर्षे कुरकुर न करता उडत होती. तांब्याच्या गोळीचा, या २० इंची बॅरलमधल्या वेगाला, १.०७ च्या जवळपास.

हा आकडा १५ अंश सेल्सिअस तापमानाला, समुद्रसपाटीच्या हवेसाठी. हवा तापली की विरळ होते, गोळीवरचा उलटवणारा जोर घटतो आणि स्थैर्यांक चढतो. ३० अंशांना तो १.१२ होतो. उणे १० अंशांना हवा दाट होते आणि तोच आकडा ०.९७ वर येतो. थंडीत दारूचा जोरही थोडा कमी पडतो, म्हणजे गाडी आणखी खाली. उन्हाळ्यात जेमतेम तोल सांभाळणारी गोळी हिवाळ्यात का कोलमडली, याचे उत्तर एवढ्यात आहे. मालक ज्या हवेत शिकार करतात त्या हवेत त्यांनी काडतूस कधी तपासलेच नव्हते.

तरी सूत्र हे सूत्रच. लांबी मोजण्यात जरा चूक झाली की आकडा हलतो. प्लास्टिकचे टोक असलेल्या गोळीत टोकाची लांबी मोजली जाते, पण त्याला वजन जवळपास नसते. अशा गोळ्यांसाठी सूत्रात दुरुस्ती करावी लागते. म्हणून निदान पक्के करायला आणखी एक पुरावा हवा होता. ओळखीतल्या एकाकडे त्याच कॅलिबरची, म्हणजे नळीच्या मापाची, पण ८ इंच ट्विस्टची रायफल होती. त्याच डब्यातली काडतुसे त्याच थंड सकाळी त्या रायफलमधून झाडली. भोके गोल पडली आणि ग्रुप चांगला आला. तिथे हिशेबाने स्थैर्यांक थंडीतही १.५ च्या वर येतो. काडतूस आपल्या जागी उत्तमच होते.

हे आधीही घडले आहे

या कॅलिबरच्या इतिहासातच हा धडा मोठ्या अक्षरात लिहिलेला आहे. १९५५ साली अमेरिकेत जवळजवळ एकदमच दोन नवी ६ मिलिमीटरची काडतुसे बाजारात आली. विंचेस्टरचे .२४३ आणि रेमिंग्टनचे .२४४. पुंगळीत दारूची जागा रेमिंग्टनच्या काडतुसाला थोडी जास्तच होती. पण रेमिंग्टनने ते मुख्यतः लहान उपद्रवी प्राण्यांसाठी कल्पिले होते, म्हणून बॅरलला १२ इंचांचा ट्विस्ट दिला आणि काडतुसांत ७५ व ९० ग्रेनच्या गोळ्या भरल्या. विंचेस्टरने १० इंचांचा ट्विस्ट ठेवून ८० ग्रेनच्या जोडीला १०० ग्रेनची गोळी दिली. एकाच रायफलने लहान प्राणीही मारता यावेत आणि हरीणही, असे गिऱ्हाइकाला हवे होते. हरणासाठी लोकांना १०० ग्रेन पाहिजे होते. ते रेमिंग्टनच्या बॅरलला पेलवणारे नव्हते, आणि लोक विंचेस्टरकडे वळले.

रेमिंग्टनने पुढे ट्विस्ट ९ इंचांवर आणला आणि १९६३ साली त्याच काडतुसाला ६ एमएम रेमिंग्टन असे नवे नाव देऊन १०० ग्रेनची गोळीही दिली. तोवर बाजार हातून गेला होता. काडतूस गुणाने सरस असूनही बॅरलच्या पेचातल्या दोन इंचांनी त्याचे नशीब ठरवले. आता .२४३ वर तीच पाळी आली आहे. १९५५ साली १० इंचांचा ट्विस्ट हरणाच्या गोळीला पुरेसा होता, कारण गोळी शिशाची होती. शिसे गेले की तोच ट्विस्ट संथ ठरू लागतो.

आणि शिसे अनेक ठिकाणी जाणार आहे. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. शिशाची गोळी जनावरात फुटून बारीक कण मागे सोडते. टाकून दिलेली आतडी खाणाऱ्या कॉन्डॉर, गरुड यांसारख्या पक्ष्यांच्या पोटात ते कण जातात आणि पक्षी विषबाधेने मरतात. मला ही बंदी योग्य वाटते. पण बंदीच्या कागदावर ट्विस्टबद्दल काही लिहिलेले नसते, ते शिकाऱ्याने स्वतः बघायचे असते.

हरणाला काय लागते

मालकांची पुढची इच्छा साहजिक होती: दुकानात मिळतील तेवढ्या सगळ्या प्रकारांचा एकेक डबा आणू, झाडून बघू, ज्याचा ग्रुप सर्वांत लहान ते घेऊ. मी त्यांना थांबवले. अशाने सर्वांत लहान ग्रुप बहुधा मॅच काडतुसाचा, म्हणजे नेमबाजी स्पर्धेसाठीच्या काडतुसाचा येतो, आणि मॅचची गोळी कागदासाठी बनवलेली असते. ती जनावरात कशी वागेल याची हमी बनवणारासुद्धा देत नाही. कधी न उमलता आरपार जाते, कधी खांद्याच्या हाडावर वरवरच फुटते. आधी हरणासाठी योग्य काडतुसांची यादी करायची आणि अचूकतेची परीक्षा फक्त त्या यादीतच घ्यायची.

मध्यम हरणाचा काळीज-फुफ्फुसांचा भाग साधारण १५ ते २० सेंटिमीटर व्यासाचा धरतात. दोनशे मीटरवर गोळी तिथे पडायला हवी, पुरेशा वेगाने पडायला हवी आणि आत जाऊन उमलायला हवी. बहुतेक तांब्याच्या गोळ्यांना नीट उमलायला सेकंदाला साधारण १८०० ते २००० फूट वेग लागतो. शिशाची मऊ गोळी याहून कमी वेगातही उमलते. तांब्याच्या बाबतीत म्हणून हलकी आणि वेगवान गोळी हा उणेपणा नसून सोयच असते. ती आत फुटून वजन गमावत नाही. तिच्या पाकळ्या उघडतात आणि जवळजवळ सगळे वजन घेऊन ती पुढे जाते. शिशाच्या १०० ग्रेनच्या गोळीकडून जेवढ्या खोलीची अपेक्षा असते, तेवढी तांब्याची ८०-८५ ग्रेनची गोळी सहज देते.

मालकांना हे पटायला वेळ लागला. "जड गोळी खात्रीची" हा समज शिशाच्या काळात खराच होता, आणि अनुभवातून आलेला समज सहज सुटत नाही. शेवटी उमललेल्या तांब्याच्या गोळ्या वजनकाट्यावर ठेवल्या, तेव्हा त्यांनी मान हलवली.

वेगाचा हिशेब करताना डब्यावरचा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. तो साधारण २४ इंची चाचणी-बॅरलचा असतो. या जातीच्या काडतुसात बॅरल इंचभर आखूड झाले की वेग सुमारे २० ते ३० फुटांनी उतरतो. ८५ ग्रेनच्या डब्यावर ३२०० होते, या २० इंची बॅरलमधून क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, ३१०० च्या आसपास आले. दोनशे मीटरवर तो वेग २५०० च्या वरच राहतो, म्हणजे उमलण्याची काळजी नाही.

८५ ग्रेनच्या त्या पोकळ टोकाच्या गोळीची लांबी १.०३ इंच. स्थैर्यांक १.३५, उणे १० अंशांना १.२३. निर्धास्त म्हणता येणार नाही, पण कोलमडणारी नव्हे. १० इंचांच्या बॅरलमध्ये तांबे वापरायचे तर इतपत तडजोड करावी लागते. यादीत मग तीन काडतुसे राहिली: ही ८५ ग्रेनची, आणि ८० ग्रेनची वेगवेगळ्या बनावटीची दोन.

तीन गोळ्यांनी काही कळत नाही

माझ्या मते काडतुसाच्या निवडीत सर्वांत जास्त फसवणूक इथे होते, आणि ती आपणच आपली करतो.

ग्रुप म्हणजे लांबात लांब पडलेल्या दोन भोकांमधले अंतर. गोळ्या वाढल्या की ते वाढणारच. गोळ्यांचा विखुरलेपणा नेहमीच्या घंटाकृती वाटपाचा धरला, तर एकाच काडतुसाचा दहा गोळ्यांचा ग्रुप त्याच्या तीन गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरी दीडपटीहून थोडा मोठा येतो. म्हणून "माझी रायफल एक एमओए मारते" (म्हणजे १०० मीटरवर सुमारे तीन सेंटिमीटरचा ग्रुप) असे कोणी म्हटले की पहिला प्रश्न विचारावा: किती गोळ्यांत?

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे तीन गोळ्यांचा ग्रुप नशिबावर फार हेलकावे खातो. ज्या काडतुसाचा तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरी तीन सेंटिमीटर आहे, त्याचा एखादा ग्रुप दीड सेंटिमीटरचा आणि एखादा साडेचारचा सहज येतो, कशातही काही न बदलता. आता समजा पाच प्रकारची काडतुसे आणली आणि ती अचूकतेत तंतोतंत सारखी आहेत. प्रत्येकाच्या तीन-तीन गोळ्या झाडल्या तर सर्वांत लहान ग्रुप सर्वांत मोठ्याच्या निम्म्याहूनही कमी भरेल, अशीच अपेक्षा धरावी लागते. शिकारी त्या लहान ग्रुपचा फोटो काढतो, ते काडतूस आपल्या रायफलला "आवडते" असे सांगतो आणि डबे भरून आणतो. काडतुसांत मुळात फरक नव्हताच. मालकांचा उन्हाळ्यातला ग्रुप याच जातीचा होता.

म्हणून प्रत्येक काडतुसाच्या दहा गोळ्या. दहाही परिपूर्ण नाहीत, पण निर्णय घेण्याइतके काही सांगतात. सलग दहा झाडायची गरज नाही. शिकारी रायफलचे बारीक बॅरल लवकर तापते आणि तापल्यावर गोळ्या सरकतात. पाच-पाचच्या दोन फेऱ्या, मध्ये बॅरल हाताला कोमट लागेपर्यंत थांबणे, आणि शेवटी दोन्ही कागद नेमाच्या बिंदूवर जुळवून एकावर एक ठेवणे, असे चालते. एक गोळी दूर गेली की "ती माझी चूक होती" म्हणून वगळायची नाही. चाप ओढण्याच्या क्षणी, कागद बघायच्या आधी, चूक झाली असे तोंडाने म्हटले असेल तरच वगळायची.

चाचणी

जागा १०० मीटर, पुढे-मागे वाळूच्या पिशव्या, थंडीची सकाळ. शिकारीची हवा कशी असणार हे माहीत असताना दुसऱ्या हवेत चाचणी घेण्यात अर्थ नव्हता. काडतुसे उन्हात किंवा खिशाच्या उबेत न ठेवता सावलीत मोकळी ठेवली. एका बनावटीवरून दुसरीवर जाताना नळी साफ करून दोन-तीन गोळ्या मातीच्या बंधाऱ्यात झाडल्या, म्हणजे आधीच्या गोळीचा थर नव्या गोळीच्या हिशेबात येत नाही. फेऱ्या आलटून पालटून घेतल्या. एकाच काडतुसाला सकाळची शांत हवा आणि दुसऱ्याला नंतरचा वारा, असे होऊ दिले नाही.

८५ ग्रेनच्या दहा गोळ्या चार सेंटिमीटरच्या आसपास. ८० ग्रेनच्या पहिल्या बनावटीच्या साडेचारच्या आसपास. दुसऱ्या बनावटीच्या साडेसात. तिन्हींची भोके गोल.

तिसरे काडतूस बाद झाले. चार आणि साडेसात यांत दहा गोळ्यांच्या मापाने खरा फरक आहे. ते का पसरले याचा शोध घेतला नाही. बॅरलच्या पेचांपर्यंत गोळीला करावी लागणारी झेप, दारूची जात, गोळीच्या बुडाचा आकार, काहीही असू शकते. कारखान्याच्या काडतुसात यातले काही बदलता येत नाही, म्हणून कारण कळूनही हाती काही लागले नसते.

चार आणि साडेचार यांत मात्र फरक मानता येत नाही. मालकांना इथेच आणखी झाडायचे होते, अर्ध्या सेंटिमीटरचा निकाल लावायचा होता. मी हिशेब मांडला. चार सेंटिमीटरचा ग्रुप दोनशे मीटरवर आठ होतो, साडेचारचा नऊ. हरणाचा मर्मभाग पंधरा-वीस. बसून किंवा काठीच्या आधाराने नेम धरताना हात याहून कितीतरी जास्त हलतो. उरलेली काडतुसे त्या सरावाला वापरली तर ती सत्कारणी लागतील.

क्रोनोग्राफवरच्या वेगाच्या चढउताराचेही असेच. हजार मीटरवर तो महत्त्वाचा असतो. दोनशे मीटरवर सेकंदाला ५० फुटांचा फरकसुद्धा गोळी सेंटिमीटरभराच्या आतच खालीवर करतो.

निवड

दोघांत निवड करायला अचूकतेबाहेरच्या गोष्टी पाहिल्या. मॅगझिनमधून दोन्ही अडखळल्याशिवाय वर येत होती. थंड बॅरलमधून निघणारी पहिली गोळी कुठे पडते हे बघायला मालकांनी वेगवेगळ्या सकाळी एकेकच गोळी झाडून तोच कागद जपून ठेवला. शिकारीत मोल त्याच गोळीचे असते. दोन्ही काडतुसांच्या या गोळ्या आपापल्या ग्रुपच्या आतच पडल्या. शेवटी ८५ ग्रेनचे ठरले ते या कारणाने की त्याचे एकाच लॉटचे पुरेसे डबे मिळत होते.

लॉटला मी इतके महत्त्व देतो कारण नाव, वजन, डबा तोच असला तरी कारखाना दारूचा नवा साठा वापरताना मात्रा बदलतो. दाबाची मर्यादा पाळायची आणि छापलेल्या वेगाच्या जवळ राहायचे, एवढे त्याचे बंधन असते. तुमच्या बॅरलमध्ये गोळ्या पूर्वीच्याच जागी पडतील असे वचन त्याने दिलेले नसते. जे काडतूस पसंत पडले त्याचे, चाचणी झाली त्याच लॉट नंबरचे डबे परवान्याच्या मर्यादेत घेऊन ठेवावेत.

झीरो मग नव्याने केला, तोही दहा गोळ्यांच्या मध्यावरून. दोनशे मीटरपर्यंत गोळी किती उतरते ते मोजलेल्या वेगावरून काढले आणि प्रत्यक्ष झाडून ताडून पाहिले. ९५ ग्रेनचे उरलेले डबे, परवान्यात बसते याची खात्री करून, ८ इंच ट्विस्टच्या त्या रायफलच्या मालकाकडे रीतसर गेले.

पुढच्या लॉटसाठी ठरवलेली पद्धत अशी: नवा डबा आला की त्यातल्या पाच गोळ्या थंड हवेत झाडायच्या आणि तो कागद जुन्या दहा गोळ्यांच्या कागदावर, नेमाचा बिंदू जुळवून, उजेडासमोर धरायचा. पाचही भोके जुन्या ग्रुपच्या हद्दीत किंवा अगदी कडेला असतील तर झीरोला हात लावायचा नाही. मधला बिंदू सरकलेला दिसला तर आणखी पाच झाडून मग दुर्बिणीचे क्लिक फिरवायचे. आणि एखादे जरी भोक लांबट दिसले, तर त्या लॉटचे एकही काडतूस शिकारीला न्यायचे नाही.